जखम भरली, आता स्मरणशक्तीला वेळ द्या

मेंदूवरील पातळ आवरणांखालून रक्तवाहिन्या जातात. एखाद्या धमनीची भिंत कमकुवत होऊन तेथे फुगा येतो. तो फुटला की मेंदूभोवती रक्त पसरते. क्षणात उठणारी असह्य डोकेदुखी, वांती, मान ताठणे, शुद्ध हरपणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता रोग्याला लगेच मोठ्या इस्पितळात न्यावे. रक्तदाब आणि विडी-सिगारेट यांमुळे हा धोका वाढतो.

उपचार मुख्यतः दोन. कवटी उघडून फुग्याच्या मुळाशी धातूची चिमटी बसवतात, किंवा जांघेतील धमनीतून बारीक नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरतात. दोन्ही उपाय शक्य असलेल्या २,१४३ रोग्यांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यात वर्षभराने दगावलेले वा परावलंबी झालेले रोगी तारेच्या उपायात शेकडा २४, तर चिमटीच्या उपायात शेकडा ३१ होते. मात्र फुग्याची जागा व आकार पाहून निवड डॉक्टरांनीच करायची असते.

धमनी दुरुस्त झाली तरी सांडलेल्या रक्ताने मेंदूला इजा झालेली असते. पुढच्या दोन आठवड्यांत इतर धमन्या आकुंचन पावून काही भागांचा रक्तपुरवठाही कमी होऊ शकतो. म्हणून रोगी चालतो, बोलतो, पण नावे विसरतो, दोन कामे एकदम करू शकत नाही, दुपारपर्यंत थकतो, चटकन चिडतो. घरची माणसे म्हणतात, ‘हा आळशी झाला.’ बंधुभगिनींनो, हा आळस नव्हे, आजाराचाच भाग आहे. सुधारणा बहुधा पहिल्या वर्षात होते. पुढेही हळूहळू होऊ शकते.

तोवर आपण एवढे करावे :

१. एका वेळी एकच काम सांगावे. अवघड काम सकाळी, दुपारी विश्रांती.

२. पेरणी, खत, पाणी यांच्या तारखा कॅलेंडरवर लिहाव्यात. विळा, किल्ल्या, चष्मा यांची जागा ठरलेली असावी.

३. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटार, कडबा कापण्याचे यंत्र व कीटकनाशकाची फवारणी यांपासून दूर ठेवावे. औषधाचे माप विसरणे जिवावर बेतू शकते.

४. कर्जाच्या किंवा जमिनीच्या कागदावर सही करताना विश्वासू माणूस सोबत असावा. पण व्यवहार त्याच्या हातून काढून घेऊ नये. त्याने मन खचते.

५. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नयेत, तंबाखू सोडावी. झोप लागत नसेल वा उदासी हटत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

एक खूण विसरू नये. सुधारत असलेला माणूस पुन्हा मंद झाला, पाय जमिनीला चिकटल्यासारखे चालू लागला, नकळत लघवी होऊ लागली, तर मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साठले असण्याचा संभव असतो. नळी बसवून ते काढता येते. वय झाले म्हणून सोडून देऊ नये.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात बेथसैदाचा आंधळा एकाच स्पर्शाने पुरता बरा झाला नाही. आधी त्याला माणसे झाडांसारखी दिसली. प्रभूने त्याच्यावर पुन्हा हात ठेवले. आपल्या घरातील रोग्यालाही असाच दुसऱ्यांदा हात देण्याचा धीर आपण धरू या.