कचऱ्याखालची जमीन

गावाची जमीन वाढत नाही. माणसे वाढतात, घरे वाढतात, दुकाने वाढतात, आणि या सर्वांचा कचराही वाढतो. घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील रेल्वे स्टेशनचे गाव. अशा गावांना खेडे म्हणावे की शहर, असा प्रश्न पडतो. शहराच्या सोयी यायला वेळ लागतो. शहराचा कचरा मात्र आधी येऊन पोहोचतो. पूर्वी उकिरडा भरला की उन्हाळ्यात त्याचे खत होऊन शेतात जाई. आजच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, औषधांच्या बाटल्या, बॅटऱ्या आणि बांधकामाचा राडारोडा कोणाच्या शेतात जाणार? तो ओढ्यात पडतो, गायरानाच्या कडेला पडतो, स्मशानभूमीच्या वाटेवर पडतो. आणि ही सर्व ठिकाणे बहुधा आपल्याच वस्तीला लागून असतात. ज्यांना वेशीबाहेर बसविले, त्यांच्याच दारापुढे गावाने टाकाऊ वस्तू टाकाव्यात, हा योगायोग नव्हे. म्हणून नासलेल्या जमिनीचा विषय आमच्या मते केवळ निसर्गप्रेमींचा राहत नाही.

अशी जमीन पुन्हा चांगली होऊ शकते काय? होऊ शकते. त्याचे उदाहरण मुंबईत धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठी आहे. आज ज्याला महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणतात, त्या सुमारे 37 एकर जागेवर 1977 पर्यंत मुंबईचा कचरा पडत असे. येथे वन उभे करावे अशी कल्पना निघाली, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने काम हाती घेतले, आणि 1983 साली पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते वृक्षारोपण झाले. उद्यान लोकांसाठी खुले झाले ते 1994 साली. आज तेथे हजारो झाडे आहेत, पावसाचे पाणी साठविणारे तळे आहे, आणि शंभराहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे.

विद्यार्थी मित्रांनी यातील सालांकडे लक्ष द्यावे. कचरा थांबल्यापासून दार उघडेपर्यंत सतरा वर्षे गेली. एका पावसाळ्यात हरितक्रांती करून दाखवितो म्हणणाऱ्यांनी, आणि फोटोपुरता खड्डा खणणाऱ्यांनी, हा आकडा ध्यानात ठेवावा.

इतका वेळ का लागतो, ते समजून घेतले पाहिजे. कचऱ्याच्या ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. तेथे ओला कचरा हवेविना कुजतो व मिथेन वायू तयार होतो. हा वायू पेट घेतो. शिवाय मुळांच्या आसपास प्राणवायू उरू देत नाही, त्यामुळे वरवर लावलेले रोप वर्षभरात वाळते. पावसाचे पाणी ढिगातून झिरपताना काळे होऊन खाली उतरते आणि जवळच्या विहिरी व हातपंपांपर्यंत जाऊ शकते. कचरा जसजसा कुजतो, तसतशी वरची जमीन खचत राहते. म्हणून आधी नवा कचरा थांबवायचा, मग उतार देऊन पाण्याला वाट करून द्यायची, वर मातीचा जाड थर घालायचा, आणि त्यात प्रथम काटक झाडे लावायची. आमच्या भागात करंज, कडुनिंब, शिरीष ही मंडळी अशा जागी तग धरतात. करंज व शिरीष यांच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र मातीत आणतात आणि त्यांचा पाला पडून माती तयार होते. विहाराजवळ बोधिवृक्ष असावा ही आपली श्रद्धा चांगलीच आहे; मात्र पिंपळ भिंतीला खेटून लावू नये. दहा वर्षांनी तोच भिंत फोडतो आणि मग त्याच्यावर कुऱ्हाड चालवावी लागते.

जागेचा पुढचा उपयोगही तिच्या प्रकृतीप्रमाणे ठरवावा लागतो. त्याच मुंबईत मालाड येथे जुन्या कचराभूमीवर कार्यालयांच्या मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. तेथे जमिनीतून येणाऱ्या वायूंनी संगणक व विजेची उपकरणे गंजून बिघडतात, अशा तक्रारी 2000 नंतरच्या दशकात झाल्या. वन वाढेल अशा जागी घर चांगले राहीलच असे नाही. जुन्या उकिरड्यावर भाजीपाला पिकविणे तर टाळलेच पाहिजे, कारण बॅटऱ्या व रंगांतील शिसे, कॅडमियम हे धातू पालेभाजीत उतरतात. घरकुलासाठी जागा दाखविली गेली, तर ती पूर्वी कशाची होती हे विचारण्याचा हक्क लाभार्थ्यास आहे.

मराठवाड्यातले उदाहरण कडू आहे. तेव्हाच्या औरंगाबाद शहराचा कचरा अनेक वर्षे नारेगाव येथे पडत होता. फेब्रुवारी 2018 मध्ये तेथील गावकऱ्यांनी गाड्या अडविल्या आणि शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिटा येथे कचरा नेण्याचा प्रयत्न झाला तेव्हा दगडफेक व लाठीमार झाला. ओला व सुका कचरा वेगळा करण्याचे नियम 2000 साली आले, 2016 साली ते अधिक कडक झाले. पण गावकरी रस्त्यावर बसल्यावरच यंत्रणा हलली. दुसऱ्याच्या शिवारात ढीग नेऊन टाकणे याला आम्ही व्यवस्था म्हणत नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. 'पडीक जमीन सुधारणे' हे शब्द ऐकायला गोड आहेत, पण ती पडीक कोणाच्या लेखी, हे पाहावे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यात कितीतरी कुटुंबांनी गायरानातले दगड वेचले, बांध घातले, माती धरली आणि ज्वारी-तूर काढली. जमीन सुधारण्याचे याहून मोठे काम कोणते? शासनाने 28 नोव्हेंबर 1991 च्या निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरविले. पुढे 2011 साली जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. मात्र शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना अथवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिलेला असेल, अशा प्रकरणांचा त्याच निकालात अपवाद केला. हा अपवाद फारच थोड्यांना माहीत असतो. वृक्षलागवडीच्या नावाखाली कसणाऱ्याला उठविले जात असेल, तर हा निकाल त्याच्या हाती हवा.

सभासदांनी एक काम करावे. वस्तीजवळच्या नासलेल्या जागेचा सातबारा तलाठ्याकडून काढावा आणि त्यातील पोटखराबा पाहावा. वर्ग 'अ' म्हणजे शेतीस अयोग्य जमीन. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, नाला, स्मशान अशा सार्वजनिक कामांची. हे कळले की कोणाकडे अर्ज करायचा ते कळते. जागा सार्वजनिक असेल तर कचरा थांबविण्याचा ठराव ग्रामसभेत आधी मांडावा, झाडांचा नंतर. महिलांनी सभेस यावे, कारण काळ्या पाण्याची विहीर प्रथम त्यांनाच कळते. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत, रोपे मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर लावावीत, आणि पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार त्यांची नावे त्याच दिवशी वहीत लिहून घ्यावीत.