कूलरचा डाग कोणाच्या खात्यात?

पोरी, बदलीचा आदेश हाती आला की सामान नंतर बांध, आधी भिंती बघ. चंद्रपुरात घर सोडताना डिपॉझिट अडतं ते बरेचदा कूलरवरून. पारा पंचेचाळीसच्या वर जातो तिथे कूलर ही चैन नव्हे. तो उन्हाळाभर खिडकीत बसला की चौकटीखाली ओल येणार, पाण्यातल्या क्षाराचे पांढरे ओघळ उमटणार, रंगाला पोपडे धरणार. घर देताना मालकाला हे सगळं ठाऊक असतं. सोडताना मात्र ‘भिंत खराब केली, पुताईचे कापतो’ म्हणतो.

तेव्हा दबू नको. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 सांगतं की भाडेकरूनं घर घेतलं तसं परत करायचं, पण वाजवी वापरातली झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती सोडून. इरईच्या पुराचं पाणी घरात शिरलं, पर्लकोटा नदी फुगून भामरागडात घुसली, तर त्या ओलीचा हिशेब तुझ्या माथी येत नाही. हे कलम भाडेपट्ट्याचं. तुझा कागद लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर त्यातही झीज वगळल्याचं वाक्य बहुधा असतं, नीट वाच.

मात्र टाकी रोज वाहत ठेवली आणि त्यानं दार फुगलं, तर तो तुझा हलगर्जीपणा. बेसिनला तडा, फुटलेली काच, मोडलेला नळ हेही आपलंच. ते आपल्या मिस्त्रीकडून आधीच करून घे, मालकाच्या मिस्त्रीचा भाव वेगळा निघतो.

रंगाचं म्हणशील तर तीन-चार वर्षांपूर्वी मारलेला रंग तसाही उतरलेलाच असतो. नव्या रंगाचं पूर्ण बिल तुझ्याकडून घेणं म्हणजे पुढच्या भाडेकरूसाठी तुझ्या पैशानं घर सजवणं. करारात ‘पुताईचे अमुक’ असा आकडा आधीच लिहिलेला असला, तरी 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 त्या आकड्याच्या मर्यादेतली वाजवी भरपाईच मान्य करतं. म्हणून गोडीत म्हण, “काकाजी, काय काय कापता ते कागदावर लिहून द्या जी, बिलासकट.” लिहायची वेळ आली की अर्धी कपात आपोआप गळते.

ताबा देताना मालकाला सोबत घेऊन खोल्या फिर. फोटो काढ, वीजमीटरचं रीडिंग टिप आणि त्याच दिवशी सगळं त्याला व्हॉट्सअॅपवर पाठव. महावितरणचं शेवटचं बिल नंतर येतं. तेवढी रक्कम राखून बाकीचे आताच मागायचे. किल्ली दिल्याची एक ओळ लिहून घे. शेवटच्या महिन्याचं भाडं न देता ‘डिपॉझिटातून वळवा’ म्हणायची आपल्याकडे सवय आहे. मालकानं लेखी मान्य केल्याशिवाय ते करू नको, नाहीतर थकबाकीदार तूच ठरशील.

आणखी एक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 जिथे लागू आहे, तिथे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. कलम 55 प्रमाणे नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. हे तुला माहीत आहे, एवढं नुसतं त्याला कळलं तरी त्याचा आवाज खाली येतो.

लगेच पोलीस ठाण्यात धावू नको, हा दिवाणी मामला. आधी त्याच्या मानातला कोणी मध्यस्थ घाल, छोट्या गावात त्याचाच जास्त उपयोग. नाही जमलं तर पंधरा दिवसांची मुदत देऊन पत्र स्पीड पोस्टानं पाठव आणि पावती जप. मग न्यायालयाच्या आवारातली विधी सेवा समिती गाठ. दावा लावण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तडजोड झाली की तो निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही.

रक्कम हजारभराची असेल तर बदलीच्या गावाहून, समज एटापल्लीहून, चंद्रपूरच्या चकरा परवडतात का, हेही बघ. मोठी असेल तर मात्र सोडू नको. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ‘दिवाळीनंतर देतो’ म्हणणाऱ्याला एकच दिवाळी दे.