गिरणीची चिमणी आणि न दिसणारा वायू

माहीमहून दादर, परळ, लालबाग असे दक्षिणेस जाताना उंच इमारतींच्या गर्दीत एखादी विटांची जुनी चिमणी आजही दृष्टीस पडते. मुंबईच्या सहलीत ती मुलांना अवश्य दाखवावी. ताडदेव येथे कावसजी नानाभाई दावर यांची सूतगिरणी १८५६ साली सुरू झाली आणि पुढे परळ-लालबागचा परिसर गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. यंत्रे वाफेवर चालत; वाफेसाठी लागणारा कोळसा आरंभी विलायतेहून जहाजाने येई. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईस पोहोचली व गिरण्या हळूहळू विजेकडे वळल्या. तरी रंगाई-धुलाईच्या वाफेसाठी बॉयलर पेटतेच राहिले. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली.

येथे मुले हमखास म्हणतील, “धूर गेला, म्हणजे हवा पूर्ववत झाली!” ही चूक हाच पाठाचा आरंभ समजावा. धुरातील काजळी पावसाने खाली बसते. कोळशातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जुन्या पाठ्यपुस्तकांतील कर्बद्विप्राणिद वायू, मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्याचा बराच भाग समुद्र व वनस्पती शोषून घेतात. काही अंश शेकडो वर्षे हवेत राहतो. तो पृथ्वीची बाहेर पडणारी उष्णता अडवितो व त्यामुळे हवामान बदलते. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. आज ४२० हून अधिक आहेत. ही वाढ अर्थात एकट्या गिरणगावाची नव्हे; जगभरच्या भट्ट्यांची ती बेरीज आहे.

न दिसणारा वायू दाखवावा कसा? खायचा चुना पाण्यात कालवून रात्रभर निवळू द्यावा. वरच्या निवळीत पपईच्या पोकळ देठाने फुंकावे. ती दुधाळ होते. (निवळी तोंडात ओढू नये, हे आधीच बजावावे.) गणिताच्या तासाला, तीन किलो शुद्ध कार्बन जळून अकरा किलो वायू होतो हे सांगावे आणि वरचे आठ किलो कोठून आले ते विचारावे. हवेतील प्राणवायूचे नाव एखादा तरी विद्यार्थी घेईलच.

गावच्या गुऱ्हाळाचा प्रश्न कोणी काढल्यास टाळू नये. चिपाडे जळतानाही हाच वायू निघतो. पण उसाने तो वाढताना हवेतूनच घेतलेला असतो आणि पुढचा ऊस पुन्हा घेतो. कोळशातील कार्बन कोट्यवधी वर्षे भूगर्भात होता.

चिमणी पाहून झाल्यावर मुलांना माहीमच्या खाडीकाठी न्यावे. तेथे तिवरे आहेत. त्यांच्या मुळांशी चिखलात प्राणवायू अल्प असल्याने गळालेली पाने सावकाश कुजतात, आणि त्यांतील बराच कार्बन दीर्घकाळ तेथेच राहतो.