लिंबू कुठे पिळावे?

उन्हाळा लागला, की पिंपरीच्या भाजी मंडईत दोन गोष्टी एकदमच होतात. लिंबाचा भाव चढतो आणि लिंबाचे गिऱ्हाईकही वाढते. २०२२ च्या एप्रिलमध्ये एका लिंबाला दहा रुपये मोजावे लागले, हे पुष्कळांना आठवत असेल. यात व्यापाऱ्यांचा हात थोडा आणि झाडाच्या स्वभावाचा जास्त. कागदी लिंबाचे बहर तीन. आंबिया बहराची फळे पावसाळ्याच्या तोंडाशी येतात, मृग बहराची दिवाळीनंतर. उन्हाळ्यात जी मिळतात ती हस्त बहराची, आणि तो धरणे सर्वांत अवघड, कारण फुलांसाठी झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो आणि नेमका तेव्हा पाऊस चालू असतो. म्हणून लिंबू हवे तेव्हा महाग आणि नको तेव्हा स्वस्त. अशा महाग लिंबाचा घरात खरा उपयोग कुठे होतो, ते आज पाहू.

बहुतेक वाचक म्हणतील, सरबतात. माझे मत थोडे वेगळे आहे.

उन्हातून आलेल्या माणसाला सरबत प्यायल्यावर हुशारी वाटते ती पाणी, मीठ आणि साखर या तिघांमुळे. लिंबू चव आणते. चव आली की माणूस एका पेल्याऐवजी दोन पितो, हाच त्याचा मोठा गुण. मागच्या उन्हाळ्यात चाकणकडच्या एका फाउंड्रीत काम करणारा पंचविशीचा तरुण पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून दवाखान्यात आला. पाणी भरपूर पितो, दोन वेळा गाडीवरचे सरबतही घेतो, असे तो म्हणाला. सरबत मात्र साखरेचेच, मीठ नको म्हणून सांगायचा. भट्टीजवळ काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो आणि घामाबरोबर मीठही जाते. नुसत्या पाण्याने पाण्याची भरपाई होते, मिठाची होत नाही. मग स्नायू आखडतात.

पाळीवर नेण्यासाठी घरीच करून घ्यावे. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस. हवे तर भाजलेल्या जिऱ्याची पूड. मोसंबी स्वस्त असेल तेव्हा पाण्यात अर्ध्या मोसंबीचा रसही छान लागतो. मीठ अंदाजाने मूठभर टाकू नये. जास्त मिठाने उलटी होते. हगवणीतही हेच प्रमाण चालते, फक्त लिंबू बेताने. जलसंजीवनीच्या पाकिटातही सायट्रेट असते, म्हणजे लिंबातल्या आम्लाचाच क्षार. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना अशा साखर-मिठाच्या पाण्यावर वाचवले, त्या पाण्याला आता जगभर मान आहे.

दोन सूचना. रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी खारे सरबत रोजचे करू नये, आणि मधुमेह्यांनी साखरेचे. उन्हात काम करणारा माणूस बरळू लागला, अंग तापून चटका बसावा असे झाले, शुद्ध हरपू लागली, तर तोंडात सरबत ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि सरळ वायसीएम किंवा जवळचे रुग्णालय गाठा. तो उष्माघात आहे, तिथे मिनिटांचा हिशेब असतो.

आता गाडीवरचे सरबत. भोसरी, तळवडे, चाकणच्या चौकांत पाळी सुटली की गाड्यांभोवती गर्दी असते. गाडीवाल्याशी माझे भांडण नाही. तोही पोटासाठीच उन्हात उभा असतो. भांडण आहे ते बर्फाशी. मासे वा दूध थंड ठेवण्यासाठी केलेला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. म्हणूनच खाण्यास योग्य नसलेला बर्फ निळसर करावा, असा नियम २०१८ मध्ये महाराष्ट्रात आला. पेल्यात निळसर खडा दिसला तर पैसे गेले तरी चालतील, पेला ठेवून द्या. पांढरा दिसला म्हणून निर्धास्तही होऊ नका, कारण लादी गोणपाटात गुंडाळून रस्त्यावरूनच येते. थंडीने जंतू मरत नाहीत, झोपतात. विषमज्वर आणि कावीळ यांचे जंतू बर्फातून खुशाल येतात. लिंबाच्या आंबटपणाने पाणी शुद्ध होते ही समजूतही सोडावी. आम्लात काही जंतू दुबळे होतात हे खरे, पण पेलाभर पाण्यात पिळलेल्या एका लिंबात तेवढे बळ नसते. २०२५ च्या जानेवारीत पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात जीबीएस या मज्जाविकाराची साथ आली, तेव्हा काही रुग्णांत दूषित पाण्या-अन्नातून येणारा जंतू सापडला होता. आपल्या शहरात २०१९ पासून दिवसाआड पाण्याची वेळ आली आणि पिंप भरून ठेवण्याची सवय लागली. त्या पिंपाला झाकण आणि दांड्याचा ओगराळा असावा. सरबताची पहिली कृती तीच.

लिंबाचे स्वतःचे काम असते ते ताटात.

दापोडीकडची एक बाई, दोन लेकरांची आई, धाप लागते म्हणून आली. हिमोग्लोबिन आठच्या खाली. तीन महिने लोहाच्या गोळ्या चालू होत्या, फरक शून्य.

“गोळी कशाबरोबर घेता, ताई?”

“चहाबरोबर, डॉक्टर. सकाळी दुसरं काय असतं पोटात?”

तिथेच पाणी मुरत होते. चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते. पालेभाजी, कडधान्य, बाजरी, पोहे यांतले लोह मुळातच शरीरात कमी शोषले जाते, त्यावर चहा प्यायला की आणखी कमी. उलट क जीवनसत्त्व त्याच घासाबरोबर पोटात गेले तर तेच लोह बरेच अधिक शोषले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. गोळ्यांची पाकिटे घरोघर पोचली. ती कशाबरोबर घ्यायची, हे पोचले नाही. त्या ताईंना गोळी लिंबूपाण्याबरोबर आणि चहा तासाभराने, एवढेच सांगितले. दोन महिन्यांनी त्या जिना न थांबता चढल्या.

कँटीनमध्ये पोह्यांवर लिंबाची फोड देतात ती म्हणूनच शोभेची नव्हे. पण बहुतेकजण फोड बाजूला सारतात आणि पोह्यांवर लगेच कटिंग मारतात. चहा तासभर पुढे ढकला.

स्वयंपाकात लिंबू पिळायची वेळही महत्त्वाची आहे. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने नासते. आमटी, उसळ, मुगाची खिचडी गॅसवरून उतरवून वाढताना लिंबू पिळावे, उकळत्या पातेल्यात नव्हे. मटकीची उसळ, मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी यांच्या शेजारी फोड हवीच. डब्यासाठी लिंबू सकाळी चिरून न ठेवता अख्खेच द्यावे. एका लिंबातून क जीवनसत्त्व दहा मिलिग्रॅमच्या आसपासच मिळते, तर बाईची रोजची गरज ६५ मिलिग्रॅम धरतात. बाकीचे संत्र्याने भरून निघेल. नागपुरी संत्री हिवाळ्यात स्वस्त असतात. रस काढण्यापेक्षा फोडी खाव्यात, चोथा वाया जात नाही आणि साखर भसकन वाढत नाही. पेरू तर लिंबाच्या चार-पाचपट श्रीमंत आहे. लिंबाचा विषय असला तरी पेरूवर अन्याय नको.

पाऊस पडून लिंबे स्वस्त झाली, की रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवावा. लोणचे चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात लिंबाचे काही करू नये. तांबे उतरते आणि घरभर उलट्या सुरू होतात.

सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेऊन चरबी विरघळत नाही. विरघळते ते दातांचे वरचे कवच. घ्यायचेच असेल तर नंतर चूळ भरावी आणि अर्धा तास ब्रश लावू नये. मूतखड्याच्या रुग्णांना मात्र लिंबाचा थोडा फायदा होतो, कारण त्यातले सायट्रेट काही प्रकारचे खडे धरू देत नाही. पण मुख्य औषध पाणीच. जुळणीच्या लाईनवरच्या मुली बाथरूमला जाण्याची परवानगी मागावी लागते म्हणून पाणीच पीत नाहीत आणि जळजळ घेऊन येतात. त्यांना मी लिंबू लिहून काय देणार? त्यांच्या सुपरवायझरांनी हे वाचावे.

राहिले पपनस. गणपतीत ते घरी येते आणि प्रसाद म्हणून वाटले जाते. त्याच्या जातभाईच्या, म्हणजे ग्रेपफ्रूटच्या रसाने कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण वाढते, आणि पपनसातही तेच घटक असतात. प्रसादाची एखादी फोड खाण्यास हरकत नाही. रोज वाटीभर खाणार असाल, तर आपल्या गोळ्यांची पट्टी आधी डॉक्टरांना दाखवून घ्या.