डाळीचा मेल स्पॅममध्ये का पडतो?

अगं, किल्लारीसारख्या गावातून पाठवते म्हणून माझे मेल स्पॅममध्ये पडतात, असं मनाला लावून घेऊ नकोस. जीमेल गाव बघत नाही. पाठवणारी खरंच तूच आहेस ना आणि घेणाऱ्याला तुझा मेल हवाय ना, मुख्यतः हेच ते तपासतं.

पहिलं काम रुक्ष आहे, पण टाळू नकोस. फुकटच्या जीमेल पत्त्यावरून शेकड्यानं मेल सोडणं बंद कर आणि दुकानाच्या नावाचं स्वतःचं डोमेन घे. मग त्याच्या सेटिंगमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी भरून घे. तुझ्या नावानं कोणत्या सर्व्हरनं मेल पाठवावा, हे पहिली सांगते. दुसरी मेलवर सही करते. या दोन्हींत जो मेल नापास होईल त्याचं काय करायचं, ते तिसरी ठरवते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना जीमेलनं या तिन्ही सक्तीच्या केल्यात. तुझे कितीही थोडे असोत, तू भरच.

पण खरी गोम यादीत आहे बाई. हजारो पत्ते विकत देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव. ज्यांनी तुझं नावही ऐकलं नाही, ती माणसं सरळ स्पॅमचं बटण दाबतात. तक्रारी ०.१ टक्क्याच्या आत ठेवा, ०.३ पर्यंत जाऊच देऊ नका, असं गूगल सांगतं. म्हणजे हजारात तिघं वैतागले, तरी तुझ्या डोमेनचं नाव खराब व्हायला लागतं.

ओळखीनं किती फरक पडतो बघ. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं. माहिती गावातल्याच बाईकडून आली की घरातली बाई मोकळेपणानं चार प्रश्न विचारायची. तुझी यादी तशी ओळखीची हवी. ज्यांनी डाळ नेली आणि 'कळवत जा' म्हणाले, तेवढेच. आधी अलीकडच्या गिऱ्हाइकांना पाठव, मग हळूहळू आकडा वाढव. ज्यांवरून मेल परत येतो ते पत्ते लगेच काढून टाक.

'आता नको' म्हणायची सोय एका क्लिकवर ठेव. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही तेच म्हणतो: संमती देणं जेवढं सोपं, तेवढंच ती मागे घेणंही सोपं हवं. जाणाऱ्याला जाऊ दे; त्यानं स्पॅम म्हणण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

विषयाच्या ओळीत 'शेवटची संधी' वगैरे आरडाओरडा नको. 'नवी तूरडाळ आली' पुरे. सगळी जाहिरात एकाच चित्रात कोंबू नकोस, चार ओळी लिही. आणि मेल जीमेलच्या 'प्रमोशन्स' टॅबमध्ये गेला तर घाबरू नकोस, तो स्पॅम नव्हे.

संक्रांतीच्या सुमाराला नवी तूर येईल. त्याआधी डोमेनच्या नोंदी उरकून घे आणि पहिला मेल मला पाठव. स्पॅममध्ये दिसला तर रात्री फोन करते, दोघी मिळून बघू.