वाल्तेल्लिनाची वाइन आणि दगडी ताली

इटलीच्या उत्तरेस, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत, आल्प्स पर्वतात वाल्तेल्लिना नावाचे खोरे आहे. नेब्बिओलो जातीच्या द्राक्षांपासून तेथे होणारी तांबडी वाइन वर्षानुवर्षे टिकते. इतकेच नव्हे, तर त्या काळात ती अधिक सरस होते, अशी तिची ख्याती आहे. मद्यपानाची थोरवी गाणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. डोंगरउतारावरील शेती कशाच्या आधाराने उभी असते, याचा हा एक बोलका नमुना आहे.

वाइन टिकते म्हणजे काय होते? बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस फिकाच असतो. तांबडी वाइन करताना रस सालींसह व बियांसह आंबवितात. त्यांतून रंग उतरतो आणि टॅनिन हे तुरट द्रव्यही उतरते. हिरडा चघळल्यावर जीभ आखडते, तो अशाच द्रव्याचा गुण. नेब्बिओलोत टॅनिन व आम्लता दोन्ही भरपूर असल्याने नवी वाइन कठोर लागते. पिंपात आणि पुढे बाटलीत टॅनिनचे रेणू हळूहळू एकमेकांस जोडले जातात, काही अंश गाळ होऊन तळाशी बसतो, तुरटपणा निवळतो आणि रंग विटकरी होत जातो. आम्लतेमुळे या दीर्घ काळात वाइनचा ताजेपणा टिकतो. लोणच्याप्रमाणे वाइनही मुरावी लागते, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. ‘वाल्तेल्लिना सुपेरिओरे’ वाइन किमान २४ महिने मुरविल्यावाचून विकता येत नाही व त्यांपैकी १२ महिने ती लाकडी पिंपात असावी लागते. ‘रिझेर्वा’साठी ही मुदत ३६ महिने आहे. या वाइनला इटलीतील सर्वोच्च कायदेशीर दर्जा १९९८ साली मिळाला.

‘स्फोर्झातो’ या प्रकारासाठी तर तोडलेली द्राक्षे हवेशीर माळ्यावर डिसेंबरपर्यंत सुकवितात. तासगावकडील बेदाण्याची शेड पाहिलेल्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

हे गुण द्राक्षात येतात ते डोंगरामुळे. आद्दा नदी येथे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. त्यामुळे उत्तर काठाचा उतार दक्षिणाभिमुख होऊन दिवसभर ऊन खातो, तर रात्री गारवा असतो. द्राक्षे सावकाश, ऑक्टोबरच्या सुमारास पिकतात आणि त्यांची आम्लता उतरून जात नाही. परंतु या उघड्या खडकाळ उतारावर माती ठरणार कशी? त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ताली बांधल्या आणि पाठीवरील टोपल्यांतून माती वर नेली. कोकणातील गडग्याप्रमाणे या भिंतींत चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड बसविलेला. पावसाचे पाणी फटींतून निथळते आणि दिवसा तापलेला दगड रात्री वेलीला ऊब देतो. या भिंतींची एकूण लांबी सुमारे २,५०० किलोमीटर सांगितली जाते!

१५१२ ते १७९७ या काळात हे खोरे आजच्या स्वित्झर्लंडमधील ग्राउब्युन्डनच्या सत्तेखाली होते आणि घाटवाटांनी येथील वाइन उत्तरेकडे जात असे. त्या भरभराटीच्या मानाने आज लागवड फारच थोडी, सुमारे साडेआठशे हेक्टर, उरली आहे. कारण उघड आहे. अरुंद तालींवर ट्रॅक्टर चालत नाही. वर्षाला हेक्टरी हजाराहून अधिक तास हातांनी राबावे लागते. तरुण माणूस खाली शहरात नोकरी शोधतो. मळा सोडला की भिंतीची डागडुजी थांबते, पाणी आत साचून भिंत फुगते व ढासळते, आणि तिचे दगड-माती खालच्या शेजाऱ्याच्या तालीवर येते. एकाने सोडलेल्या शेताचा भार असा दुसऱ्यावर पडतो.

चुन्याशिवाय दगडी भिंत रचण्याची कला २०१८ साली युनेस्कोने इटलीसह आठ देशांच्या नावे मानवतेच्या अमूर्त वारशात नोंदविली. हा गौरव उचितच होय. पण नोंदीने भिंत उभी राहत नाही. दर हिवाळ्यानंतर कुणीतरी वर चढून सुटलेला दगड पुन्हा जागी बसवावाच लागतो. काही ठिकाणी द्राक्षांच्या पेट्या आता हेलिकॉप्टरने खाली आणतात. भिंतीचे काम मात्र अजूनही गवंड्याच्या हातचे आहे.