संशोधन कसे शोधावे? निमित्त : सिकल सेल

सौदी अरेबियाच्या पूर्व भागात, अल-अहसा आणि कतीफच्या परिसरात, सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. हाच आजार महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट या आदिवासी भागांत आहे, आणि विदर्भातल्या बिगर-आदिवासी समाजांतही आहे. १९८६ साली कुलोझिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, पूर्व सौदीतील व भारतातील सिकल जनुकाची घडण एकाच प्रकारची असून आफ्रिकेतील प्रकारांहून ती वेगळी आहे. या प्रकाराला आज 'अरब-भारतीय' असेच नाव आहे.

मुलामुलींची लग्ने ठरवताना किंवा घरी बाळ येणार असताना हा विषय आपल्यालाही लागू होऊ शकतो. अशा वेळी ऐकीव माहितीवर न विसंबता मूळ संशोधन कसे शोधावे, ते पाहू. मी डॉक्टर नाही, संगणकावर काम करणारा इंजिनिअर आहे. तेव्हा भर शोधण्याच्या पद्धतीवर आहे.

कोठे शोधावे?

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची 'पबमेड' ही सूची १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे. तीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. बहुतेक नोंदींत लेखाचा गोषवारा असतो. संपूर्ण लेख विकत घ्यायचा तर तीस-चाळीस डॉलर सहज जातात. पण 'फ्री फुल टेक्स्ट' ही खूण निवडली की फक्त फुकट मिळणारे लेख समोर येतात. आधी ते वाचावेत.

शोधाचे चार नियम

१. संशोधक वापरतात तोच शब्द वापरा. आदिवासींसाठी 'इंडिजिनस' हा शब्द टाकला तर बहुतांशी कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथील लेख निघतात. भारतीय संशोधक 'ट्रायबल' किंवा 'शेड्यूल्ड ट्राइब' लिहितात, कारण आपल्या राज्यघटनेतील संज्ञा 'अनुसूचित जमाती' ही आहे.

२. जमातीचे नावही टाका, आणि त्याची सगळी रूपे टाका. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, कोरकू, परधान ही नावे रोमन लिपीत निरनिराळ्या स्पेलिंगने लिहिली जातात. कातकरी लोकांना काही लेखांत 'काथोडी' म्हटलेले असते. एकाच स्पेलिंगवर थांबलात तर निम्मे लेख हातचे जातील.

३. शब्द जोडायला शिका. 'ऑर' म्हणजे यांपैकी कोणताही चालेल. 'अँड' म्हणजे दोन्ही हवेत. दोन्ही मोठ्या अक्षरांत लिहावेत. उदाहरणार्थ : (ट्रायबल ऑर गोंड ऑर माडिया) अँड सिकल सेल अँड महाराष्ट्र. कंस विसरू नका. गणितात कंस चुकला की उत्तर चुकते, तसेच येथेही होते. अर्थात हे सर्व इंग्रजीत टाइप करायचे.

४. सूचीबाहेरही पाहा. सरकारी अहवाल पबमेडमध्ये बहुधा सापडत नाहीत. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये देशातील आदिवासी आरोग्यावर सविस्तर अहवाल दिला. २०११ च्या जनगणनेत भारतात अनुसूचित जमातींचे सुमारे १०.४ कोटी लोक होते. एवढ्या लोकांच्या आरोग्याचे चित्र समजण्यासाठी तो अहवाल महत्त्वाचा आहे.

सापडलेला लेख कसा वाचावा?

प्रत्येक लेखाला तीन प्रश्न विचारा : कोणाला तपासले? किती जणांना? कोठे? हे का महत्त्वाचे, ते सिकल सेलच्याच उदाहरणावरून कळेल. अरब-भारतीय प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकते. ते लाल पेशींना विळ्याचा आकार येऊ देत नाही, म्हणून 'हा प्रकार सौम्य' असे अनेक लेखांत आढळेल. तेवढे वाचून कोणी निर्धास्त होईल. परंतु नागपूरकडील मुलांच्या अभ्यासांत तीव्र वेदना, रक्त चढवण्याची गरज, वारंवार इस्पितळात दाखल होणे असा त्रास नोंदला आहे. म्हणून एका लेखावर निर्णय घेऊ नये. निदान चार-पाच लेख पाहावेत, आणि त्यांत एखादा अलीकडचा आढावा-लेख असावा.

प्रत्यक्षात काय करावे?

आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के, आणि दोन्हींतून मुक्त असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे तपासणीशिवाय कळत नाही.

सौदी अरेबियात २००४ पासून सौदी जोडप्यांना लग्नापूर्वी सिकल सेल व थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची आहे. निकाल काहीही आला तरी लग्नाचा निर्णय जोडप्याचाच असतो. आपली लग्ने बहुधा भारतात होतात, तेव्हा ही तपासणी आपणच आठवणीने करून घ्यावी. सुरुवातीची विद्राव्यता चाचणी स्वस्त असते, पण वाहक कोण व रुग्ण कोण हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी लागते. तान्ह्या बाळासाठी विद्राव्यता चाचणी भरवशाची नाही.

निदान झाले तरी हातपाय गाळू नयेत. हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे आहेत. आणि लग्न जुळवताना पत्रिकेबरोबर रक्ताचा अहवालही पाहावा. सापडलेले गोषवारे छापून डॉक्टरांकडे न्यावेत आणि 'हे आमच्या बाबतीत लागू आहे का?' असे स्पष्ट विचारावे. औषध मात्र त्यांच्याच सल्ल्याने घ्यावे.